आठवड्याला एक

“व्हिटॅमिन डीची पुडी किती दिवसांनी देत होता?” डॉक्टर तांबोळींनी विचारलं.

“आठवड्याला एक,” मी म्हणालो.

“नक्की?”

“रविवारच्या रविवारी, दुधातनं,” माझ्या शेजारून शालन म्हणाली. “एकच, मॅडम. चिठ्ठीवर लिवलंय तसंच.”

शालन माझी बायको. माझ्या खोट्याला तिनं असा आपसूक टेकू दिला आणि मला हायसं वाटलं. बिचारीला काही ठाऊक नाही, तेव्हा तिच्या तोंडून ते खरंच वाटणार, असं मी मनाशी म्हटलं. पलीकडच्या खाटेवर पोरगी हाताला सलाइन लावून निपचित पडली होती आणि मी स्वतःला वाचवत होतो. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. दाढी करताना आरशात बघून मी अजूनही अधूनमधून स्वतःला शिवी देतो, ती त्या एका क्षणासाठी.

मैथिली आमची एकुलती एक. तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत होती. आम्ही कोरेगावला राहायचो. आदल्या दिवशी तिला साताऱ्यातल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात आणलं होतं. पंधरा दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पाणी मात्र तांब्यामागून तांब्या प्यायची आणि सारखी लघवीला जायची. एवढी मोठी मुलगी, पण दोनदा अंथरूण ओलं झालं आणि ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं. शनिवारपासून तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही नीट देईना, नुसती तोंडाकडे बघत राहायची.

डॉक्टर तांबोळींनी हातातला कागद आमच्याकडे वळवला. बाई पन्नाशीच्या, आवाज हळू, पण एक प्रश्न तीनदा विचारायची सवय.

“हिच्या रक्तात कॅल्शियम सोळा आहे. दहाच्या आसपास हवं. त्यानं मूत्रपिंडावर ताण आलाय आणि हृदयाचे ठोके मधेच चुकतायत. एवढं कॅल्शियम वाढायला कारण लागतं. सगळ्यात साधं कारण म्हणजे डी जास्त होणं. म्हणून विचारते. दुसरं कुठलं टॉनिक? शक्तीचं औषध? कुणा वैद्याची पूड?”

“नाही,” मी म्हणालो.

“न्हाई,” शालन म्हणाली.

आमचं दोघांचं असं एकमत दोन वर्षांत पहिल्यांदाच झालं असेल.

दोन वर्षांपूर्वी मैथिलीच्या अंगावर गांध्या उठायला लागल्या होत्या. आधी मांड्यांवर, मग पाठीवर, मग कुठेही. लाल, जाड, कडा उंच झालेल्या. रात्रभर खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. दोनदा ओठ सुजून नाकाला लागले, एकदा घसा आवळला तेव्हा इंजेक्शन देईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडायची. वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसेनात, कारण कुणीतरी ते लागट असतं म्हणून उठवलं होतं.

शालनच्या मते ते पित्त होतं. आमच्या भागात गांध्यांना पित्तच म्हणतात. पित्त म्हणजे उष्णता, मग उन्हात जायचं नाही. खिडकीला जुनी चादर लागली. खेळाच्या तासाला सुट्टीची चिठ्ठी गेली. शाळेत जातायेताना भर थंडीतही छत्री आणि पूर्ण बाह्या. अंगाला आमसुलाचं पाणी आणि पोटात सब्जा. मी हसायचो. “त्या आमसुलाची सोलकढी कर, निदान तोंडाला चव तरी येईल,” असं म्हणायचो. पण पोरगी अंगणात दिसली की “आत हो, आत हो” म्हणून ओरडण्यात मीही असायचो. हे मी सोयीनं विसरतो.

मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचा, आम्लाच्या बाटल्या कपाटात लावायच्या. पण गावात मला शेडगेसर म्हणत आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. बावीस वर्षं जाळीच्या पलीकडून विज्ञानाचे तास ऐकून मला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं कळतं. शालन मसाला कांडपाच्या गिरणीत कामाला होती. तिच्या कपड्यांतून मिरचीची धूळ घरात येते आणि त्यानं पोरीला अ‍ॅलर्जी होते, असं मी म्हणायचो. माझ्या कपड्यांना औषधांचा वास येतो, त्यानं होते, असं ती म्हणायची. गांध्या उठल्या की आधी पोरीला गोळी आणि मग आमचं भांडण, असा ठरलेला क्रम होता. पाटापासून ताटापर्यंत काहीही आदळायचं. मैथिली भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

शेवटी मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व सात निघालं, हवं तीसच्या वर.

“एवढं ऊन पडतं आपल्याकडे, आणि पोरीला सात?” डॉक्टर म्हणाले. “कोंडून ठेवलीय की काय?”

मी सोबत आलेल्या शालनकडे विजयी नजरेनं पाहिलं. ती चादरीची खिडकी माझ्याही घरात होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्यांनी फार जपून सांगितलं होतं. काही लोकांमध्ये असं दिसलंय की हे जीवनसत्त्व कमी असलं तर गांध्या लवकर जात नाहीत, भरून काढल्यावर काहींना आराम पडतो. सगळ्यांना नाही. अजून कुणी छातीठोक सांगत नाही. पण कमी आहे ते भरायला तर हवंच. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्याला एक, आठ आठवडे. अ‍ॅलर्जीची गोळी चालू ठेवायची. मग पुन्हा रक्त बघू. मी यातलं ‘आराम पडतो’ एवढंच ऐकलं.

आणि आराम पडला की हो. तिसऱ्या पुडीनंतर गांध्या कमी झाल्या. पुडीनं झालं, गोळीनं झालं की आपोआप, देव जाणे. चौथ्या आठवड्यात मैथिली तीन दिवस सलग शाळेत गेली आणि घरी येऊन म्हणाली, “बाबा, आज पूर्वा माझ्या शेजारी बसली.” मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुताना गाणं म्हणत होतो. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या अंगभर उठल्या, ओठही सुजला. शालन म्हणाली, “ह्या पुड्या गरम पडल्या. आता बंद.” मी म्हणालो, “पुड्या कमी पडल्या.” त्या दिवशीचं भांडण शेजारच्यांनी येऊन सोडवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक पुडी द्यायला लागलो. मेडिकलवाला ओळखीचा, शेडगेसरांना चिठ्ठी कोण मागणार? साडेपाचला मी घरी यायचो, शालन सातला. मधल्या वेळात कपभर दुधात पुडी ढवळून मैथिलीला द्यायचो. “आईला सांगायचं नाही. माझी शपथ.” ती मान हलवायची. मला भीती वाटत नव्हती. जीवनसत्त्व म्हणजे काय, अन्नच. जादा झालं की लघवीतून निघून जातं. आठवीच्या पाठात होतं, मी बावीस वेळा ऐकलं होतं. ते ब आणि क साठी आहे. अ आणि ड अंगात साठून राहतात, ही ओळ त्याच पानावर खाली होती. त्या वेळी बहुधा मी नळ्या धूत असायचो.

पाच आठवडे तिच्या अंगावर एक गांधी उठली नाही. ओकारी सुरू झाली, भूक गेली, ती पिवळी पडली, पण कातडी स्वच्छ. घरात भांडण नाही. शालनही पुड्यांविरुद्ध एक शब्द बोलत नव्हती. मला वाटलं, निकाल बघून गप्प बसली. ओकारीचं कारण मी जंत ठरवलं आणि तिनं पित्त. तेवढ्यावरून काही आमचं बिनसलं नाही.

“ऐका,” डॉक्टर तांबोळी म्हणाल्या, “आता मी काय करणार आहे ते सांगते. सलाइन चालू आहे, त्यानं थोडं उतरेल, पण पुरेसं नाही. एक औषध आहे, डी जास्त झालं असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. आत्ता सुरू करता येईल. पण दुसरं कारण असेल, रक्ताचा किंवा हाडाचा वाईट आजार असेल, तर तेच औषध तो आजार झाकून टाकतं. मग तो सापडत नाही. डीचं रक्त पुण्याला पाठवलंय, चार दिवस लागतील. एवढे दिवस तिच्याकडे नाहीत. म्हणून आज दुपारी कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढायचा. तीन वाजता आमचे एक डॉक्टर येतील. त्यानंतर लगेच तिला पुण्याला हलवू.”

“वाईट आजार म्हंजे?” शालननं विचारलं.

“कॅन्सर असू शकतो, ताई. असेलच असं नाही.”

शालननं पदर तोंडात धरला. मी विचारलं, “आणि वाटेत काही...?”

“ठोके असे चुकत असताना पाठवायची माझी इच्छा नाही,” बाई म्हणाल्या. “पण कारण कळल्याशिवाय माझे हात बांधलेत. म्हणून तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारते.”

त्या थांबल्या. माझ्याकडे बघत होत्या. मी फरशीकडे बघत होतो. तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी सगळं झालं असतं. पण शेजारी शालन उभी होती. दोन वर्षं तिला मी अडाणी म्हटलं होतं, दहा जणांसमोर म्हटलं होतं. तिच्यासमोर कसं सांगू की पोरीला मी असं केलं? तुम्हाला हे ऐकून माझी किळस येईल. मला तर येतेच.

मी खाली उतरलो. फाटकाशी चहाची गाडी होती. चहा घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. एक मन म्हणत होतं, पुड्यांनी काही झालं नसेल, उगीच कशाला आरोप ओढवून घेतोस. मग ध्यानात आलं की पुड्यांनी झालं नसेल तर कॅन्सर आहे. आपण खुनी निघू नये म्हणून पोरीला कॅन्सर असावा, अशी इच्छा मी त्या गाडीपाशी उभं राहून करत होतो. चहा ओतून दिला आणि वर गेलो.

शालन मैथिलीच्या तळपायावर हात ठेवून बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अहो.”

“काय?”

“आपलंच काय चुकलं असंल का?”

“आपलं काय चुकणार?” मी एकदम म्हणालो. “आपण तर चिठ्ठीवर होतं तेच दिलं.”

“व्हय,” ती म्हणाली, आणि पुन्हा पायावरून हात फिरवायला लागली. “चिठ्ठीवरचंच दिलं.”

मैथिली जागी होती. रात्रभराच्या सलाइननं थोडी हुशारी आली होती. ओठ सुकून त्यांच्यावर पापुद्रे आले होते. कातडी मात्र गोरीपान, कुठे एक डाग नाही.

“बाबा, हाडात सुई घालणारेत?”

“कोण म्हणालं?”

“सिस्टर बोलत होत्या.”

“भूल देतात. कळत पण नाही.”

“तुम्ही दोघंपण थांबा. एकटे एकटे नका येऊ.” मग जरा दमून म्हणाली, “मी रडणार नाही.”

अडीच वाजता सिस्टर छापील कागद घेऊन आली. पालकांची सही. फुलीच्या खुणेजवळ तिनं बोट ठेवलं. मी पेन घेतलं. ‘सु’ काढला. सुधाकरमधला सु. पुढची अक्षरं येईनात. हात नुसता थांबला होता. सिस्टर म्हणाली, “काका, सर येतायत, लवकर करा.” मी कागद घेऊन तसाच डॉक्टरांच्या खोलीकडे चालायला लागलो. मागून शालनच्या चपला वाजत होत्या.

“मॅडम, मी रोज देत होतो,” मी दारातूनच बोललो.

बाईंनी चष्मा काढला. “काय?”

“पुडी. रोज एक. दसऱ्यापासून. पाच आठवडे झाले. हिला माहीत नाही. मी लपवून देत होतो, संध्याकाळी, ही यायच्या आत.”

मला वाटलं शालन माझ्या अंगावर धावून येईल. खरं तर यावी असंच वाटत होतं. ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत उभी राहिली. दुःखानं अवाक झाली असेल असं समजून मी तिच्याकडे पाठ केली.

“सकाळी तीनदा विचारलं मी,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी मला बसायला खुर्ची शोधावी लागली.

“लाज वाटली मॅडम.”

त्यांनी कागदावर काही आकडे मांडले, मैथिलीचं वजन पुन्हा पाहिलं. मग कपाळ चोळलं. “पस्तीसेक पुड्या. खूप झाल्या. त्रास व्हायलाच हवा एवढ्यानं. पण पाच आठवड्यांत सोळा? एवढं चढलेलं मी तरी पाहिलेलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे यानं काही भाग कळतो, सगळा नाही. आणखी काही असेल तर मी ते झाकून टाकू शकत नाही. सुई घालावीच लागेल.”

“मॅडम, आता मी खरं सांगतोय. आईशपथ!”

“आता खरं सांगताय असं दिसतं, शेडगे. पण ते पुरत नाहीये.”

खरं पुरत नाही म्हणजे काय, मला कळेना. जन्मात एकदा स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं आणि त्याचाही उपयोग होत नव्हता. मी हात जोडले, काहीबाही बोललो, ते आठवत नाही. बाई उठल्या. “मुलीशी बोलते,” एवढंच म्हणाल्या आणि वॉर्डकडे निघाल्या. आम्ही दोघं मागून.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. मैथिलीच्या कपाळावर हात ठेवला. “बाळा, बाबा तुला रोज संध्याकाळी दुधातून पुडी द्यायचे?”

मैथिलीनं दचकून माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही सांगितलं?”

“हो, बाळ. मी सांगितलं.”

“मग शपथ सुटली?”

“सुटली.”

तिनं सुटकेचा श्वास टाकला. मग मान हळूहळू दुसरीकडे वळवली. खाटेच्या पायथ्याशी शालन उभी होती, लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून.

“आई,” मैथिली म्हणाली, “मग आता तूपण सांग ना.”

मला आधी काही अर्थच लागला नाही. शालन दांडा धरून खालीच बसली, तेव्हा लागला.

“सकाळी द्यायची मी,” ती फरशीकडे बघत म्हणाली. “ह्ये साळंत गेल्यावर. रोज एक. रहिमतपूरला मावशीकडं गेले तवा तिथल्या मेडिकलमधनं डबाच आणला.”

“तू?” मी म्हणालो. “तू तर गरम पडतात म्हणायचीस.”

“म्हनायची. पर पोरगी तीन दिस साळंत गेली ती पुडीनंच की. मला काय डोळं नव्हतं?” तिला हुंदका आवरेना. “दोन वर्सं पित्त पित्त करून तुमच्याशी भांडले. आता कुठल्या तोंडानं म्हनू, तुमचंच खरं हाय म्हनून? तुम्ही दहा जनांत सांगत सुटला असता. म्हनलं, गपचूप देऊ. पोर बरी झाली म्हंजे बास.”

तिचं चूक नव्हतं. मी खरोखरच सांगत सुटलो असतो.

डॉक्टर तांबोळींनी डोळे मिटले आणि उघडले. “दिवसाला दोन,” त्या म्हणाल्या. “पाच आठवडे. वर रविवारची चिठ्ठीवरची.” मग मैथिलीकडे वाकल्या. “दोन-दोन होतायत, हे तुला कळत होतं?”

“हो.”

“पोटात दुखत होतं, उलट्या होत होत्या, तरी घेत होतीस?”

“हो.”

“का गं बाळा? सांगायचं ना.”

“दोघांनी शपथ घातली होती.” मग ती थांबली. तिला बोलताना धाप लागत होती. “आणि पुड्या घेतल्या की उठायचं नाही. उठलं नाही की हे भांडायचे नाहीत. एकदा आईची सांडून दिली मोरीत, तर दुसऱ्या दिवशी मला भीती वाटली की आता उठेल. मग परत नाही सांडली.”

सिस्टर तिथेच उभी होती, तिनं माझ्या हातातून तो अर्धवट सहीचा कागद काढून घेतला.

डॉक्टर उठल्या आणि चालतचालतच सूचना द्यायला लागल्या. सुई रद्द, पुण्याला नेणं रद्द, ते औषध शिरेतून लगेच, दूध बंद, दर सहा तासांनी रक्त. दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. आम्हाला वाटलं, आता आम्हाला झाडतील. त्या म्हणाल्या, “तिला आत्ता काहीही विचारू नका. दोघांनीही.”

चार दिवसांनी पुण्याहून कागद आला. ड जीवनसत्त्वाचा आकडा त्यांच्या यंत्राच्या मोजणीपलीकडे गेला होता. तोवर कॅल्शियम बाराच्या खाली उतरलं होतं. मूत्रपिंडं वाचली, पण त्यांच्यात पांढरे कण बसले ते कायमचे. मैथिली आता सत्तावीस वर्षांची आहे आणि दर वर्षी सोनोग्राफी करून घेते. त्वचेच्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. आठवड्याला एक घेतली असती तर कदाचित तिला खरोखर आराम पडला असता. कदाचित नसताही पडला. ते आम्ही कुणालाच कधी कळू दिलं नाही.

हॉस्पिटलात आम्ही नऊ दिवस होतो. त्या नऊ दिवसांत मी आणि शालन एकमेकांशी इतकं गोड बोललो की लग्न झाल्यापासून बोललो नसू. “तुम्ही जेवून घ्या, मी बसते.” “नको, तू आधी पड थोडी.” शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई शालनला म्हणाली, “तुमचे मिस्टर किती समजूतदार आहेत हो.” शालननं मान खाली घातली. मैथिली खाटेवरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत असायची. पास होऊ की नापास, अशा नजरेनं.

शेवटच्या दिवशी दुपारी घरी सोडणार होते. ते औषध आदल्या आठवड्यापासून कमी कमी करत बंद केलं होतं. तांबोळीबाईंनी सगळं समजावून सांगितलं. पुडी नाही, दूध बेतानं, पाणी भरपूर, आणि काही महिने उन्हात फिरवू नका. ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्या गेल्यावर शालन मैथिलीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायला बसली. मी पिशवीत कपडे भरत होतो.

शालनचा हात थांबला, म्हणून मी वर पाहिलं. तिनं केस उचलून धरले होते. मानेवर, कानामागे, बोटभर जाडीच्या तीन गांध्या उठल्या होत्या. चौथी वर येत होती. शालननं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. त्या चार क्षणांच्या शांततेत पोरीनं पाठीमागचं सगळं ओळखलं.

“मला काही होत नाहीये,” ती घाईघाईनं म्हणाली. “आई, घाल ना वेणी.”

“मैथू, खाज येतीय का?” मी विचारलं. जमेल तेवढं हळू विचारलं.

“नाही.”

“आली तर सांग गं. कुणी कुणाला बोलणार नाही.”

“नाही येत, बाबा. खरंच नाही येत.”

ती माझ्याकडे बघून हसत होती. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते.